घरट्यांच्या बेटाकडे निघण्यापूर्वी

खानदेशातील व्यापारी कुटुंबाची सहल ठरते ती आधी पंचांगावर आणि मग रोजमेळावर. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम, पाठोपाठ लग्नसराई, त्यानंतर मार्चअखेरचे हिशेब. आणि चैत्र उजाडतो तो आयंबिलची ओळी व महावीर जन्मकल्याणक घेऊन. वैशाखात आखाजी. त्या दिवशी जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि वर्षीतपाचे पारणे असलेल्या घरात तर पाहुण्यांची रांगच लागते. या साऱ्यातून उरतात ते चैत्री पौर्णिमा ते आखाजी यांमधले पंधरा-सतरा दिवस. तोपर्यंत शाळांच्या परीक्षाही बहुधा आटोपलेल्या असतात. पालिताणा, शंखेश्वर, शिखरजी, घराजवळचे मांगीतुंगी आणि बलसाणे येथील यात्रा अनेकदा घडलेल्या असतात. नातवंडे म्हणतात, यंदा समुद्र.

समुद्र म्हटला की अलिबाग, गणपतीपुळे किंवा गोवा ही ठरलेली नावे पुढे येतात. पण याच पंधरवड्यात कोकणच्या दक्षिण टोकाला, भर समुद्रातील काही उघड्याबोडक्या खडकांवर, एक निराळाच संसार मांडलेला असतो. वेंगुर्ले बंदराच्या वायव्येस सुमारे पंधरा किलोमीटरवर लहानमोठ्या खडकांचा एक पुंजका आहे. नकाशावर त्याचे नाव वेंगुर्ला रॉक्स. किनाऱ्यावरची माणसे निवती रॉक असेही म्हणतात, कारण निवतीच्या किनाऱ्यावरून तो अधिक जवळ पडतो. एका खडकावर दीपस्तंभ आहे. मोठ्या खडकांपैकी एकाला इंग्रजांनी बर्न्ट आयलंड, म्हणजे जळके बेट, असे नाव दिले. माणसाची वस्ती नाही, झाडही जवळजवळ नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांची घरटी म्हणून अभ्यासक ज्या जागेचे नाव प्रथम घेतात ती हीच.

या जागेची कीर्ती जुनी आहे. ज्यांनी पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळचे मोठे पक्षिशास्त्रज्ञही होते. १८७५ साली त्यांनी पश्चिम किनारा आणि लक्षद्वीप असा जलप्रवास केला आणि त्याचा वृत्तांत आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात पुढील वर्षी छापला. त्यात या खडकांची हकीकत आहे. १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबईचे हुमायून अब्दुलअली यांनी येथील पाकोळ्या आणि सुरय यांच्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिले. हे अब्दुलअली स्वतः व्यापारी कुटुंबातले, धंदा सांभाळून पक्ष्यांचा अभ्यास करणारे होते, ही गोष्ट या अंकाच्या वाचकांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

येथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांपैकी दोन मुख्य. पहिली भारतीय पाकोळी. आपल्याकडे पाकोळी हा शब्द सैलपणे वापरतात. संध्याकाळी जुन्या वाड्यांभोवती भिरभिरणाऱ्या पक्ष्यालाही पाकोळी म्हणतात. ही पाकोळी त्याच गोतावळ्यातली, चिमणीहून लहान, करड्या-तपकिरी रंगाची. तिचे सारे आयुष्य उडण्यात जाते. पाय इतके दुबळे की ती फांदीवर बसू शकत नाही, फक्त कपारीला लटकू शकते. खडकांमधल्या काळोख्या गुहांत ती घरटे करते आणि त्या अंधारात वाट शोधण्यासाठी तोंडाने टिकटिक असा आवाज काढून त्याचा प्रतिध्वनी ऐकते. वटवाघळाचा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, हिचा येतो. घरटे म्हणजे गुहेच्या भिंतीला चिकटवलेली अर्धी वाटी. ती ती आपल्या लाळेने घडवते, त्यात शेवाळ, काड्या, पिसे मिसळते. लाळ हवेत सुकून कठीण होते. एकेका थराने घरटे वाढत जाते आणि पुरे व्हायला कित्येक आठवडे लागतात. त्यात दोन पांढरी अंडी. अंडे घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत सुमारे दोन महिने जातात. फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस पडेपर्यंतचा काळ हा तिच्या संसाराचा.

हीच लाळ तिच्या जिवावर उठली. चीन आणि आग्नेय आशियात पाकोळ्यांच्या घरट्यांचे सूप शतकानुशतके श्रीमंतांचे खाणे मानले जाते. निव्वळ लाळेच्या पांढऱ्या घरट्याला तेथील बाजारात फार मोठा भाव मिळतो. आपल्या पाकोळीच्या घरट्यात काडीकचरा अधिक, म्हणून प्रत हलकी. तरीही माल विकला जातो. व्यापारी माणसाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. ज्या मालाला खोदाई नाही, मशागत नाही, भांडवल नाही आणि जो भिंतीवरून नुसता खरवडून घ्यायचा, त्याच्या मागे कोणी ना कोणी लागणारच. घरटे काढले की पाकोळी पुन्हा बांधते. ते काढले की आणखी एकदा. दर खेपेला अंगातली शक्ती आणि हंगामातले दिवस कमी होत जातात. कधी अंड्यांसह घरटे निघते, कधी पिल्लांसह, आणि ती खाली दगडावर पडतात.

२००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना या बेटावर घरट्यांची चोरी होत असल्याचे आढळले. त्यांनी वन विभागाला बरोबर घेऊन ती उघडकीस आणली आणि पुढे गुहांवर पहारा ठेवण्याचे काम हाती घेतले. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू करणारी संस्था हीच. वेळासचा कासव महोत्सव आज सर्वांना ठाऊक आहे; बेटावरच्या पाकोळ्यांची राखण मात्र फारशी कोणाच्या कानावर गेलेली नाही. कासवाचे पिल्लू वाळूवरून समुद्राकडे धावताना हजार माणसांना दाखवता येते. पाकोळीच्या गुहेत हजार माणसे नेता येत नाहीत. नेली तर राखणच संपली.

दुसरा पक्षी सुरय. तापीच्या वाळूवर किंवा हतनूरच्या जलाशयावर ज्याने नदी सुरय पाहिला आहे त्याला हे कुळ अनोळखी वाटणार नाही. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी आणि पाण्यावर सूर मारण्याची तीच लकब. या खडकांवर येणाऱ्या सुरयांत मुख्य आहे तो गडद पाठीचा, ज्याच्या डोळ्यावरून घोड्याच्या लगामासारखी काळी रेघ जाते. वर्षाचा बराच काळ तो किनाऱ्याकडे फिरकतही नाही. खोल समुद्रावर असतो. जमिनीशी त्याचा संबंध फक्त अंड्यापुरता. घरटे असे काही बांधतच नाही. खडकाच्या वळचणीला, कपारीत, एकच अंडे.

आणि येथेच बेत आखणाऱ्याची पंचाईत होते. सुरयांचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस भरात येऊ लागतो आणि पावसाळ्यात चालू राहतो. सिंधुदुर्गातील प्रवासी नौका मात्र मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. मासेमारीही जून-जुलैत बंद. ज्या दिवसांत पक्षी अंड्यावर बसतो, नेमके त्याच दिवसांत माणसाला समुद्राची वाट बंद. पालिताण्याला चातुर्मासात गिरिराज चढत नाहीत, हे ज्या घरात लहानपणापासून ठाऊक असते त्या घराला याचे फारसे नवल वाटू नये. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून पाऊल आवरायचे, हा नियम तेथे माणसांनी केला. येथे तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याने केला आहे. कित्येक पिढ्या सुरय येथे वाढले त्याला हा बंद दरवाजा मोठ्या प्रमाणात कारण असला पाहिजे.

तेव्हा खानदेशातून निघणाऱ्या कुटुंबाने सुरयाची अंडी पाहण्याची आशा मनातून काढूनच टाकावी. एप्रिलच्या पंधरवड्यात पाहावयाच्या त्या पाकोळ्या, आणि त्याही बोटीतून. बेटाजवळ बोट हळू झाली की कड्यांच्या तोंडाशी त्या आतबाहेर करताना दिसतात. तेवढे पाहणे हेच पाहणे. बेटावर उतरण्याचा आग्रह धरू नये. दीपस्तंभाची जागा केंद्र सरकारच्या दीपस्तंभ विभागाच्या ताब्यातील, आणि पक्ष्यांच्या संरक्षणाची जबाबदारी वन विभागाची; परवानगीवाचून उतरणे योग्य नव्हे. ‘चार पैसे जास्त घे, पण मुलांना गुहा दाखव,’ असे नावाड्याला सांगणारी मंडळी असतात. आपली मंडळी त्यांत नसावीत, असे म्हणवत नाही, असतात.

यासंबंधी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील एक तरतूद प्रत्येक घराने वाचण्यासारखी आहे. ‘शिकार’ या शब्दाची त्या कायद्यातील व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणे, इतकेच नव्हे तर अंडी किंवा घरटी विचलित करणे, हेही त्या व्याख्येत येते. सात पिढ्यांत ज्या कुळात कोणी मुंगीवर पाय दिला नाही, त्या कुळातला मुलगा हातात विजेरी घेऊन हौसेने गुहेत शिरला, तर कायद्याच्या दृष्टीने तो शिकारी ठरू शकतो. हे कठोर वाटेल. पण गुहेत काय घडते ते पाहिले तर तसे वाटणार नाही. अंधारात एकाएकी प्रकाश आणि गलका झाला की पाकोळ्या भांबावून एकदम उडतात. वाटीएवढ्या घरट्यातून अंडे किंवा पिल्लू निसटायला पंखाचा एक फटका पुरतो. उघड्यावर अंडी घालणाऱ्या सुरयाचे दुखणे वेगळे. तो अंड्यावर बसतो तो ऊब देण्यासाठी जितका, तितकाच सावली देण्यासाठी. तापलेल्या खडकावर अंडे थोडा वेळ उघडे पडले तरी आतला जीव भाजून निघतो, आणि कावळा किंवा घार संधी सोडत नाहीत. माणूस मात्र ‘आम्ही कशालाही हात लावला नाही’ असे खरेपणाने सांगत परततो.

आपल्या समाजाची पक्ष्यांवरची दया प्रसिद्ध आहे. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय पाहायला परदेशी माणसे येतात. गावोगावी पांजरपोळ आहेत, गच्चीवर पाण्याची परळे आणि मूठभर ज्वारी ठेवणारी घरे आहेत. ही दया देण्याची आहे: दाणा द्यायचा, पाणी द्यायचे, औषध द्यायचे. समुद्रपक्ष्याला यातले काहीच नको असते. किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकण्याची टूम अलीकडे फार वाढली आहे. त्याने त्यांचे भले होत नाही. तळलेले, खारट खाणे हे त्यांचे अन्नच नव्हे. बोटीत फरसाणाची पिशवी न्यावी ती स्वतःसाठी.

प्रवासाचे सांगायचे तर जळगावकरांना एक सोय आहे. दिल्लीहून केरळात जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ, जळगावमार्गे येऊन पनवेलच्या पुढे कोकण रेल्वेने जाते, त्यामुळे मुंबईत गाडी बदलण्याचा त्रास वाचतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्याआधी खानदेशातून वेंगुर्ले म्हणजे दोन दिवसांचा खटाटोप होता. वेंगुर्ल्यासाठी सोयीची स्थानके कुडाळ व सावंतवाडी; प्रत्येक गाडी तेथे थांबतेच असे नाही, म्हणून आरक्षणापूर्वी थांबा पाहून घ्यावा. धुळेकरांना जळगाव किंवा नाशिकरोड गाठावे लागेल. मोटारीने जायचे तर पुणे, कोल्हापूर आणि आंबोली घाट अशी सात-आठशे किलोमीटरची मजल आहे. वृद्ध बरोबर असतील तर मध्ये एक मुक्काम हवाच.

खाण्यापिण्याचा प्रश्न आपल्या घरांना सर्वांत मोठा वाटतो आणि तो सर्वांत सोपा आहे. किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांत मासे रांधले जातात, हे आधीच समजून घ्यावे. स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, कांदा-लसूण-कंदमूळ वगळून करून द्याल का, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवर स्पष्ट विचारावे. तेथे पोहोचल्यावर तोंड वाकडे करू नये. आंबोळी, घावन, तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, सोलकढी (लसूण न घालता) इतके असले तर घरच्या खाकऱ्या-थेपल्यांचा डबा न उघडता परत येतो. चोविहार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की एप्रिलमध्ये तेथे सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. संध्याकाळचे जेवण सहाला मागितले तर घरमालकीण बुचकळ्यात पडेल, म्हणून तेही आधीच सांगावे.

नवकारशीची अडचण मात्र खरी आहे. समुद्र शांत असतो तो सकाळी. दुपारनंतर वारा उठतो, लाटा वाढतात आणि परतीचा प्रवास अंगावर येतो. म्हणून बोट सूर्योदयालाच निघाली पाहिजे, आणि नवकारशी येते सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी. तोवर पाणीही नाही. तरुणांना हे जमते. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी किनाऱ्यावर राहणे बरे. उकाळलेले पाणी बरोबर नेणाऱ्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट न्यावे. समुद्रावरचे ऊन अंगाला जाणवत नाही, वारा फसवतो, आणि दहा वाजेपर्यंत डोके धरते.

बोट ठरवताना तिला महाराष्ट्र सागरी मंडळाचा प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का हे विचारण्यात संकोच नसावा. दुकानात जीएसटी क्रमांक विचारतो तसेच हे. प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, मुलांना मुलांच्या मापाचे. भाडे, वेळ, आणि बेटावर उतरायचे नाही ही गोष्ट, तिन्ही आदल्या दिवशी बोलून ठेवावीत. नावाडी बहुधा गाबीत समाजाचा, म्हणजे पिढीजात मासेमारी करणारा असेल. ज्याच्या धंद्याला आपण दुरूनही हात लावणार नाही त्याच्याच हाती त्या सकाळी सारे कुटुंब सोपवलेले असते. त्याला उपदेश करण्याची ती वेळ नव्हे. वारा कोठून येतो, पाण्याचा रंग कोठे बदलतो, कोणत्या महिन्यात कोणता पक्षी कोठे बसतो हे त्याला ठाऊक असते. विचारले तर तो सांगतो, आणि मुलांना पुस्तकात न मिळणारे चार शब्द मिळतात.

मुले आणखीही एक प्रश्न विचारतील, त्याची तयारी घरूनच असावी. सुरय मासे खातो, समुद्री गरुड मासे आणि सागरी सापही खातो. मग आजोबा, आपण यांना का वाचवायचे? काही घरांत हा प्रश्न झटकला जातो. झटकू नये. पक्ष्याला निवड नाही, माणसाला आहे. आणि आपले व्रत आपल्या आचाराला बांधते, त्याच्या नव्हे. इतके सांगितले तरी दहा वर्षांच्या मुलाला पुरते. तेरा वर्षांची मुलगी कदाचित पुढचा प्रश्न विचारील, तेव्हा आजोबांनाही विचार करावा लागेल.

ज्यांना बोट मानवत नाही त्यांच्यासाठी किनाऱ्यावरही पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर उंच झाडांवर काटक्यांचे भलेमोठे घरटे करतो आणि तेच वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो. त्याचा वीणीचा हंगाम हिवाळ्यात असतो. एप्रिलमध्ये घरटे बहुधा रिकामे मिळेल, पण पक्षी किनाऱ्याच्या कडेने घिरट्या घालताना दिसतो. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला आहेच. त्याच्या परिसरातील २९ चौरस किलोमीटर समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, हे पुष्कळ पर्यटकांना किल्ला पाहूनही कळत नाही.

दुर्बीण एक तरी हवी. आठ पट मोठे दाखवणारी पुरते, त्याहून मोठी बोटीत हलते. ती हाताळण्याचा सराव आधी घराजवळ करावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या रविवारी हतनूरला जावे. तेथेही नदी सुरय उघड्या वाळूवर अंडी घालतो, वाळूच्याच रंगाची, पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत अशी. काठावर थांबून, एकाच जागी बसून, अर्धा तास न बोलता पक्षी पाहणे मुलांना जमते का, हे तेथेच कळते. ज्या घराला ते जमले नाही त्याने यंदा वेंगुर्ल्याऐवजी गणपतीपुळ्याला जाण्यात काही वाईट नाही.

आणि एवढी तयारी करूनही त्या सकाळी नावाडी किनाऱ्यावर उभा राहून समुद्राकडे पाहील आणि ‘आज नको’ म्हणेल, ही शक्यता धरून चालावी. अशा वेळी वाद घालू नये, जास्त पैशांचे नावही काढू नये. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवलेला असला म्हणजे झाले.